ती ओळ कुठून सुरू होते, रामनाथभाऊ

शनिवार, अठ्ठावीस सप्टेंबर. तिकीट नाही, प्रवेश मोफत. हजर: तुम्ही, अक्का, त्यांची बहीण म्हणजे माझी बायको मीना, आणि मी. ठिकाण इस्तंबूल. समुद्राच्या बाजूला, आगगाडीच्या रुळांना जवळजवळ टेकलेली एक जुनी इमारत. आधी चर्च होती, आता मशीद आहे. तिकडे तिला छोटी आया सोफिया म्हणतात.

रामनाथभाऊ, तुमचा तेरावा होऊन आठवडा झाला. अजून माणसं येतात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले तुमचे जुने सोबती बॉयलरवरच्या रात्रपाळ्यांचं सांगतात, घोटीचे भाऊबंद भाताच्या खाचरांचं. मी चहाचे कप उचलायच्या निमित्तानं आत जातो, बाहेर येतो, परत आत जातो. एका जागी बसवत नाही. मला तुमची ती एकच दुपार आठवत राहते. त्या दुपारी आपण एक वाद घातला आणि तो अर्ध्यावर सोडून ट्राममध्ये चढलो. आता माझ्यापुढे असं काम आलंय की त्या वादाचा निकाल लावल्याशिवाय ते करता येत नाही. आणि वाद घालायला तुम्ही नाही.

टूर मी निवडली होती, हे मान्य. पितृपक्षात आपली माणसं प्रवासाला निघत नाहीत, म्हणून त्या तारखांना दर उतरतो. तीन कंपन्यांचे कागद मी तुमच्या ओसरीत शेजारी शेजारी मांडून दाखवले होते. अक्का म्हणाल्या, "पितरं घरी यायच्या दिवसांत आपण विमानात? शोभतं का?"

तुम्ही सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "आपण नाय सापडलो तर थांबतील थोडी. त्यांना कुठं ड्युटीवर जायचंय?"

अक्का हसल्या आणि टूर ठरली. आता भेटायला येणाऱ्या बायकांपैकी एकदोघी हळूच तो पितृपक्ष काढतात. अक्का त्यांना उत्तर देत नाहीत. मला द्यावंसं वाटतं, पण माझ्याकडे फक्त दरपत्रक आहे, आणि ते इथे चालत नाही.

त्या शनिवारी सकाळी आपल्याला मोठी आया सोफिया दाखवली. सगळ्या ग्रुपला एकसारख्या पिवळ्या टोप्या. खालचा मजला नमाजासाठी, आपण पर्यटक म्हणून वरच्या सज्ज्यात. तुम्ही कठड्याशी उभे राहिलात, खाली बघितलंत, वर बघितलंत, आणि मला म्हणालात, "साडूभाऊ, हे म्हंजे माळ्यावर चढून लग्न बघितल्यासारखं झालं. अक्षता कुठं टाकायच्या?"

तुमच्या मागे उभ्या असलेल्या पुण्याच्या काकूंना ते आवडलं नाही. मला आवडलं होतं. तेव्हा मी हसलो नाही, कारण मी सज्ज्याच्या खांबांचा कल बघत होतो. ते खांब उभे नाहीत, बाहेर झुकलेत. अंबडच्या कंपनीत मी सारी नोकरी तपासणी खात्यात काढली. कुठलीही गोष्ट उभी आहे की कललेली, हे आधी दिसतं, सुंदर आहे की नाही ते नंतर.

दुपारी ग्रुपला गालिच्यांच्या दुकानात नेणार होते. आपण चौघांनी टूर मॅनेजरला हात जोडले आणि सुटलो. उतारावरून चालत गेलं की एक छोटी मशीद लागते, तीही आधी चर्चच होती, गर्दी नसते, तिकीट नाही, असं मी वाचलं होतं. तुम्हाला त्यातलं "तिकीट नाही" फार पटलं नाही. "फुकटची वस्तू दाखवायला एवढं चालवता होय," म्हणालात. पण वाटेत तुम्हाला कणीस भाजणारा दिसला आणि मग तुम्ही तक्रार केली नाही.

दाराशी बुटांची मांडणी होती. स्वच्छ, लाकडी, अर्धी रिकामी. मीना आणि अक्कांनी डोक्यावर ओढण्या घेतल्या, सगळ्यांनी बूट काढले, आणि तुम्ही म्हणालात, "तुम्ही जा. मी बघतो पायताणं."

"अहो, इथे कोण नेतंय?" मी म्हटलं.

"त्र्यंबकला बी असंच म्हटलं होतं तुम्ही."

त्र्यंबकला तुमची चप्पल गेली होती, खरं आहे. रामकुंडावर दोनदा गेली होती. पण हे इस्तंबूल. तिथला एक म्हातारा रखवालदार आपलं बोलणं न समजता सगळं समजला. त्यानं मांडणीकडे हात केला, छातीवर हात ठेवला, म्हणजे मी आहे, काळजी नको. तुम्ही त्याला तितक्याच अदबीनं मान लववलीत आणि आपले नवे बूट मांडीवर घेऊन पायरीवर बसलात. टूरसाठी तुमच्या मुलानं, संदीपनं घेऊन दिलेले बूट. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले.

म्हणून आधी आम्ही तिघं आत गेलो. तुम्ही बाहेर.

आत गेल्यावर मला सगळ्यात आधी काय दिसलं, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. कारपेट. नमाजाच्या रांगांसाठी कारपेटवर पट्टे असतात. ते पट्टे भिंतींशी जुळत नव्हते. इमारतीचं तोंड एकीकडे आणि पट्टे थोडे वळून दुसरीकडे. चर्च बांधणाऱ्यांनी ते पूर्वेकडे तोंड करून बांधलेलं, मशीद करणाऱ्यांना मक्केकडे तोंड हवं. दोन्ही दिशा जवळजवळ एक, पण एक नाहीत. तो फरक मला टोचत राहिला. मी कोपऱ्यात उभा राहून अंदाजानं अंश मोजत होतो. मीना म्हणाली, "वर बघा जरा, किती छान घुमट आहे." मी वर बघितलं. घुमट छान होता. मी परत खाली बघितलं.

मग मी बाहेर आलो आणि तुम्हाला म्हटलं, आता जा तुम्ही, मी बसतो. मीना आणि अक्का समोरच्या अंगणात चहा मिळतो तिकडे गेल्या. मी पायरीवर, पायाशी आपले दोन जोड. एक गोरी बाई आली, तिनं आपल्या सँडल माझ्यापुढे काढून ठेवल्या, माझ्याकडे बघून हसली आणि आत गेली. बाहेर येताना तिनं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. मी "नो, नो" म्हणेपर्यंत ती गेली. हे तुम्हाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. नाशिकला येईपर्यंत तुम्ही विमानातल्या मुलीलासुद्धा सांगितलंत, "आमचे साडू इन्स्पेक्टर हायत, पण तिकडं त्यांना पायताणाचा धंदा लय चालला."

तुम्ही आत गेलात आणि बाहेर येईनात. मला वाटलं होतं पाच मिनिटांत याल. मी दारातून डोकावलो.

तुम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालत होता. मान मागे टाकलेली, एक बोट वर हवेत. खालच्या खांबांच्या माथ्यावर, सज्ज्याच्या खाली, संगमरवरात कोरलेली एक ओळ आहे. मोठी मोठी अक्षरं, साऱ्या दालनाला वळसा घालून गेलेली. चर्चच्या काळातली. ज्या राजानं आणि राणीनं ते बांधलं त्यांची आणि एका संताची स्तुती आहे, असं मी फोनवर वाचलं होतं. तुमचं बोट त्या ओळीवरून चाललं होतं, आणि तुम्ही बोटाबरोबर. खांबापाशी ओळ वळली की तुम्ही वळत होता. आपण प्रदक्षिणा घालतो तसे, पण देवाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. तो रखवालदार तुमच्या मागे चार पावलांवर चालत होता. पहिल्यांदा त्याला वाटलं असेल, हा माणूस काय करतोय. नंतर मी बघतोय तर त्यानंही मान वर टाकली होती.

तुमचं हे चित्र मी कुणाला सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्यांना काय सांगू? त्यांना तुमचं शिफ्टमधलं, शेतातलं सांगता येतं. हे सांगायला गेलो तर आधी इमारत सांगावी लागते.

बाहेर आल्यावर अंगणात चहा घेताना तुम्ही म्हणालात, "ती ओळ कुठून सुरू होते, सापडलं नाय मला."

"वाचता येते का तुम्हाला?"

"मला नाय. त्या चाचालाबी नाय. मी त्याला खुणेनं इचारलं. तो हसला. त्याच्या बापालाबी येत नसंल." तुम्ही बशीत चहा ओतायला गेलात, तिथे बशीत मावेना, मग ग्लासच फुंकत बसलात. "पाचशे वरसं तिथं नमाज पढतायत. डोक्यावर दुसऱ्याच्या देवाची ओळ. कुणी छिन्नी लावली नाय."

मी म्हटलं, छिन्नी लावायला परांची बांधावी लागते, खर्च असतो. कुणी केलं नाही म्हणजे मन मोठं होतं असं नव्हे. आणि ते कारपेट बघितलंत का, तिरकं आहे.

"कारपेट सरळ हाय," तुम्ही म्हणालात. "भिंत तिरकी हाय. त्यांना जिकडं तोंड करायचं तिकडं केलं. त्यासाठी भिंत पाडली नाय."

"भाऊ, पण ती भिंत त्यांनी विकत घेतली नव्हती. शहर जिंकलं आणि पुढे तिची मशीद केली. आधी तिथे प्रार्थना करायचे त्या लोकांना विचारून नाही केलं."

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. मग म्हणालात, "हे खरंय. त्यांना कुणी इचारलं नाय." आणि थोड्या वेळानं, "माझ्याकडं तर खरेदीखत हाय."

तुम्ही कुठून कुठे गेलात ते मला लगेच कळलं. मीनालाही कळलं. ती म्हणाली, "झालं, आले दोघं नाशिकरोडला."

नाशिकरोडचं तुमचं घर तुम्ही साळवेबाईंकडून घेतलं. ख्रिस्ती होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलीकडे पुण्याला जाणार होत्या. पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारावर, भिंतीतच सिमेंटचा क्रूस केलेला. कोपरापासून मनगटापर्यंतच्या उंचीचा. तुमच्या वास्तुशांतीला मी पहिल्यांदा बघितला आणि तुम्हाला म्हटलं, हा आधी काढून प्लास्टर करून घ्या. तेव्हापासून दर दिवाळीला, दर रंगकामाला, मी तेच म्हणत आलो. माझा मुद्दा देवाधर्माचा नव्हता. माझा मुद्दा होता की उद्या घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं झालं तर गिऱ्हाईक विचारणार. संदीपच्या लग्नाच्या वेळी मुलीकडची माणसं आली, त्यांच्या मामांची नजर दारावर गेली आणि बोलणं थांबलं. "तुम्ही ख्रिस्ती का?" त्यांनी विचारलं. मी तिथेच बसलो होतो. मी तुमच्याकडे बघितलं, म्हणजे बघा, मी काय म्हणत होतो.

तुम्ही पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवलीत. "घर त्यांचं होतं. हप्ते आमचे."

लग्न जमलं. पण ते काही सिद्ध करत नाही.

एकदा मी तुम्हाला स्पष्टच विचारलं होतं, साळवेबाईंना काही शब्द दिला होता का, म्हणून ठेवताय? तुम्ही म्हणालात, "नाय. त्यांनी मागितलाच नाय. मागितला असता तर मीच फोडून टाकला असता. कुणाच्या शब्दात मी राहत नाय." याला कारण म्हणत नाहीत. तीस वर्षांत तुम्ही मला एक धड कारण दिलं नाही. दरवेळी दिवाळीला क्रूसावरून भिंतीचाच डिस्टेंपर मारलात आणि विषय बदललात.

आणि असंही नाही की आपण फक्त भांडत होतो. कंपनी बंद पडली तेव्हा मी घरातून बाहेर पडत नव्हतो. तुम्ही शिफ्ट संपवून सरळ आमच्याकडे यायचात. काही विचारायचा नाहीत. घोटीचा नवा तांदूळ आणायचात आणि मीनाला सांगायचात, "भात लाव, मी जेवूनच जाणार." मग माझ्यासमोर बसून क्रूसाचं प्लास्टर, ग्रामपंचायत, बॉयलरची राख, कशावरूनही माझ्याशी वाद उकरून काढायचात. आता वाटतं, मला भांडता यावं म्हणूनच तुम्ही येत होता. घरच्यांशी मी जे बोललो नाही ते तुमच्याशी भांडताना बोललो. याचे आभार मी मानले नाहीत. साडू साडूचे आभार मानत नाहीत, तसा प्रघातच नाही. इथे मानतो.

आता काम सांगतो.

तेराव्यानंतर संदीप म्हणाला, आई एकटी नको, पुढची खोली आणि वरचा भाग भाड्यानं देऊ, माणसांची जाग राहील. त्यासाठी घर जरा नीट करून घेऊ. तो पुण्याला परत गेला, देखरेख माझ्याकडे. गळती, वायरिंग, रंग, आणि सगळ्यात वर, पुढच्या खोलीतला क्रूस काढून प्लास्टर. मी त्याला विचारलंही नव्हतं. त्यानं स्वतःच यादीत घातलं. म्हणाला, "काका, तुम्हीच तर पपांना सांगायचात."

सांगायचो. जे मी तीस वर्षं मागत होतो ते मला एका फोनवर मिळालं. समोर कुणी नाहीच.

झोप लागेना. त्या छोट्या आया सोफियाचं मी पुन्हा वाचलं. मी तुम्हाला जे म्हटलं होतं ते बरोबरच होतं. जिंकलेली इमारत होती, विचारून घेतलेली नव्हती. ओळ राहिली ती कुणाच्या औदार्यानं की कुणाच्या आळसानं, कुठेच लिहिलेलं नाही. तुमचंही बरोबर होतं. ओळ राहिली. यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही, आणि म्हणूनच मला काही ठरवता येईना.

सोमवारी सकाळी कैलास गवंडी आला. स्टूल दाराशी लावलं, छिन्नी-हातोडा काढला. "साहेब, आधी हाच काढू ना? धूळ लय होणार, मग बाकीचं."

मी म्हटलं, थांब जरा. संदीपला फोन लावला.

"काय झालं काका?"

"तो क्रूस. राहू दे म्हणतोय."

"तुम्ही म्हणताय?" तो खरंच हसला. "मग पपा काय वेगळं म्हणत होते?"

"ते पाडायला नाही म्हणायचे, मी हो म्हणायचो. ते असते तर मी आजसुद्धा हो म्हटलं असतं. ते नसताना पाडलं तर मी जिंकलो असं होत नाही. त्यांची पाठ वळल्यावर केल्यासारखं होतं."

"आणि भाडेकरूंनी विचारलं तर?"

"विचारतील. भाडं थोडं कमीही येईल. मी काही मत बदललेलं नाही."

तो म्हणाला, "आईला विचारा. तिचं काय ते."

अक्का स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या, त्या क्रूसाच्या बरोबर खाली. सगळं ऐकत होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्ही दोघं या दारात भांडलात. मला कुणी विचारलं?"

कैलासनं छिन्नी खाली ठेवली. रामनाथभाऊ, मला अशा क्षणी तुमच्याकडे बघायची इतकी सवय होती की मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"आता विचारतो," मी म्हटलं. "काय करायचं?"

अक्कांनी मान वर करून बघितलं. "पहिल्यांदा आले तेव्हा मला भीती वाटली होती याची. नवीन घर, कुणाचं काय. मग रात्रपाळीला हे गेले की मी एकटी असायचे, तेव्हा वाटायचं, त्या साळवेबाईपण इथेच उभ्या राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत असतील. राहू द्या. पण नीट रंगवा. भिंतीचाच रंग मारून मारून यांनी त्याचं ना धड ठेवणं केलं, ना काढणं. आहे तर दिसू दे."

हे तुम्हालाही सुचलं नव्हतं, मलाही नाही. आपण दोघं ठेवायचा की काढायचा एवढंच बोलत राहिलो.

कैलासनं मग छिन्नीऐवजी पातं घेतलं आणि क्रूसावरचे डिस्टेंपरचे थर खरवडले. खाली सिमेंटच्या कडा अजून तीक्ष्ण निघाल्या. दुपारी अक्का आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मला पांढरा बरा वाटत होता. अक्कांनी गडद निळा घेतला, का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

क्रूस काढायच्या कामाचे पैसे संदीपच्या हिशेबात धरता येत नाहीत, कारण ते काम झालंच नाही. म्हणून कैलासला त्या दिवसाची मजुरी, एक हजार रुपये, मी माझ्याकडून दिली. रंगाच्या छोट्या डब्याचे दोनशे चाळीस रुपये झाले. मी पाकीट काढलं होतं. अक्कांनी माझा हात बाजूला केला आणि दुकानदाराला ते त्यांनी दिले.